स्कूटरवरून मोटारसायकलवर आले, पण डावा हात अजून क्लचला ब्रेकच समजतो. काय करू? आणि सकाळी निघताना गाडी कशी तपासता?

शेवंती_पाटण

नमस्कार मंडळी. वाचते बरीच वर्षं, धागा मात्र पहिलाच. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

मी पाटण तालुक्यात आरोग्य खात्यात आहे. वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळांना लस देणं, गरोदर बायांची तपासणी, हे माझं काम. बारा वर्षं बिनगिअरच्या स्कूटरवर फिरले. यंदा वरच्या अंगाच्या दोन वाड्या माझ्याकडे आल्या आणि तिकडचा रस्ता म्हणजे नुसती खडी आणि चढ. स्कूटरची लहान चाकं त्या खडीत रुतायला लागली. वडिलांची शंभर सीसीची मोटारसायकल घरी नुसती उभी होती, ती घ्यायची ठरवलं. भावाने चार संध्याकाळी शाळेच्या मैदानावर शिकवलं. पुढे दाबला की पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. टाचेनं दाबला की उलटे. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, गाडी उचलायला दोन दिवस लागले, मग जमलं.

गेल्या मंगळवारी खालच्या वाडीकडून येत होते. उतार, पुढे डावीकडे वळण. वळणाच्या तोंडाशी उसाची ट्रॉली उभी आणि तिच्यातून निसटलेली मोळी निम्म्या रस्त्यात आडवी. वेग फार नव्हता, तिशीच्या आसपास असेन. मोळी दिसली आणि माझा डावा हात आपोआप आवळला गेला. स्कूटरवर डावी लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक, बारा वर्षं तीच सवय. इथं आवळला तो क्लच. इंजिनाची ओढ सुटली आणि गाडी थांबायच्या ऐवजी सैल होऊन उलट जोरात निघाली. उजवा पाय ब्रेकच्या पट्टीवर नव्हताच, स्कूटरच्या फळीवर टेकवतात तसा मागे ओढलेला होता. मोळी चुकवून कडेच्या पाचटात शिरले आणि तिथंच कलंडले. गुडघा सोलवटला, लसीचा डबा पाठीला बांधलेला होता तो शाबूत राहिला. हेल्मेट होतं.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "सवय होईल." पण ती होईपर्यंत मला रोज त्याच उतारावरून जायचंय. त्यामुळे दोन गोष्टी विचारते. हाताची जुनी सवय घालवायला कुणी काही ठरवून केलं आहे का? आणि सकाळी निघण्याआधी गाडीचं नेमकं काय बघायचं? मी पेट्रोल, हवा आणि दिवा बघते, बाकी काही कळत नाही.

बुलेटकाका

ताई, आधी गुडघ्याची काळजी घ्या. लागलेलं किरकोळ वाटतं, पण गुडघा वाकवल्यावर दुखत असेल तर दाखवून घ्या.

तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. माझी बुलेट जुनी, तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. ऑफिसला जायची गाडी नेमकी उलटी. पंधरा वर्षं दोन्ही चालवल्या. त्याआधी मैसूरला बनणारी येझदी होती, तिची किकची कांडीच पुढे वळवली की गिअरची पट्टी व्हायची. म्हणजे माझ्या पायांनी तीन प्रकार पाहिले आहेत.

मी एकच गोष्ट करायचो आणि अजून करतो. गाडीवर बसलो की किल्ली लावायच्या आधी दोन्ही हात, दोन्ही पाय एकेक करून हलवायचे आणि तोंडानं मोठ्यानं बोलायचं: "उजवा पाय गिअर, डावा पाय ब्रेक, डावा हात क्लच, उजवा हात पुढचा ब्रेक." शेजारी बघतात, बघू देत. गाडी बदलली की हे दोनदा. एकदा घाईत विसरलो आणि सांगलीच्या सिग्नलला ब्रेक समजून गिअर टाकला. पुढच्या टेम्पोच्या फळीपासून वीतभर अंतरावर थांबलो. त्यानंतर विसरलो नाही.

आणि एक सांगतो, पुढचा ब्रेक शक्यतो दाबू नका. मागच्यावरच चालवा. पुढचा दाबला की माणूस हँडलवरून पलीकडे जातो.

ग्रीसचे_हात

काका, तुमचा मान राखून सांगतो, शेवटचं वाक्य मला पटत नाही. कोल्हापूरजवळ माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. पडून आलेल्या गाड्या रोज बघतो. मागचाच ब्रेक दाबून दाबून मागचा टायर एका जागी घासून सपाट झालेला असतो आणि पुढचे ब्रेक शू नव्यासारखे. गाडी थांबवताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला ब्रेक लावला की ते घसरणारच. थांबवायचं बरंचसं काम पुढच्या ब्रेकचं आहे.

माणूस हँडलवरून जातो तो लिव्हर झटक्यात खेचल्यामुळे, किंवा हँडल वळलेलं असताना दाबल्यामुळे. ओला टॉवेल पिळतो तसं हळूहळू वाढवत न्यायचं, आधी नुसतं टेकवायचं, वजन पुढे आलं की मग जोर.

शेवंतीताई, शाळेचं मैदान आहे ना तुमच्याकडे? चुन्याची रेघ मारा. तीसच्या वेगानं या आणि रेघेवर नुसता मागचा ब्रेक लावा, किती पावलं पुढे गेलात ते मोजा. मग दोन्ही मिळून लावा, पुन्हा मोजा. माझ्या पोरांकडून करून घेतलं तेव्हा एकट्या मागच्यानं तेरा-चौदा पावलं जात होती, दोन्हींनी निम्म्यात थांबली. तुमचा आकडा वेगळा येईल, पण फरक स्वतःच्या पायांनी मोजला की मनातली भीती जाते.

आता डाव्या हाताचं. बोटं कुठं ठेवता? बहुतेक नवशिके चारही बोटं कायम क्लचवर ठेवून चालवतात. तुम्ही तर स्कूटरच्या सवयीनं नक्कीच ठेवत असणार. गिअर बदलायचा नसेल तेव्हा डाव्या हाताची चारही बोटं मुठीच्या रबराभोवती गुंडाळून ठेवा. दचकून हात आवळला गेला तरी रबरच आवळलं जाईल, क्लच नाही. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुढच्या ब्रेकवर टेकलेली असू देत. एवढा एकच बदल आधी करा, बाकी नंतर.

तपासणीचं रात्री गॅरेज बंद केल्यावर लिहितो, ते निवांत लिहायचं काम आहे.

संत्रानगरी

ताई, परवान्याचं एक विचारते. स्कूटरचा परवाना "विदाउट गिअर" होता का? तसा असेल तर गिअरची गाडी त्यावर चालत नाही, वर्ग वाढवून घ्यावा लागतो. माझ्या मामेबहिणीनं दुर्लक्ष केलं आणि अपघातानंतर विम्याच्या वेळी फार त्रास झाला.

शेवंती_पाटण

हो, विदाउट गिअरच होता. म्हणूनच शिकाऊ परवाना काढला आहे, पुढे लाल एल लावूनच फिरते. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. मी तीस दिवस कधी होतात याची वाट बघत होते. आता वाटतं, घाई नको.

दादा, बोटांचं अगदी बरोबर ओळखलंत. कायम क्लचवरच असतात. उद्यापासून रबरावर.

हडसनपार

मी न्यू जर्सीत असतो. इथं परवान्यासाठी मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनचा कोर्स केला होता, त्यातलं थोडं सांगतो.

पहिल्या दिवशी पहिला तासभर गाडी चालूच करू दिली नाही. मग चालू करून पहिल्या गिअरात, दोन्ही पाय जमिनीवर, क्लच इतकाच सोडायचा की गाडी वीतभर पुढे सरकेल, पुन्हा दाबायचा, पायांनी मागे ढकलायची. असं वीस-पंचवीस वेळा. क्लच नेमका कुठे धरतो ती जागा बोटांना पाठ होते. पाठ झाली की क्लचकडे लक्ष द्यावं लागत नाही आणि डोळे रस्त्यावर राहतात.

एक शंका. तिथं अचानक थांबायची वेळ आली तर क्लच आणि दोन्ही ब्रेक एकदमच दाबायला शिकवलं. आपल्याकडे "ब्रेक आधी, क्लच शेवटी" म्हणतात. ताईंनी कुठलं धरावं?

तपासणीसाठी त्यांनी टी-क्लॉक्स अशी अक्षरं दिली होती: टायर-चाकं, मग हात-पायांनी चालवायच्या गोष्टी, दिवे-विजेचं, तेल, सांगाडा आणि शेवटी स्टँड. मी अजून त्याच क्रमानं गाडीभोवती फेरी मारतो.

ग्रीसचे_हात

हडसनपार दादा, दोन्ही बरोबर आहे. रोजचा वेग कमी करताना क्लच शेवटी, कारण इंजिन स्वतः गाडीला मागे ओढत असतं आणि उतारावर तर तीच मोठी मदत. चढताना जो गिअर, उतरताना तोच गिअर. एकदम थांबायची वेळ आली तर क्लचही सोबत दाबला तरी हरकत नाही, गाडी बंद पडून धक्का बसत नाही. चूक फक्त एकच, क्लच एकटा दाबणं. ताईंचं तेच झालं.

आता तपासणी. लोक गाडी बघतात, मी म्हणतो गाडीला हात लावा. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना लागतं. ताई, तुम्ही रोज नाडी बघता, तसंच समजा.

आधी उभ्यानंच गाडीखाली जमीन बघा. रात्रीतून तेलाचा किंवा पेट्रोलचा थेंब पडला आहे का. मग दोन्ही टायरवरून तळहात फिरवा, खिळा, काच, उभी चीर. हवा सकाळी टायर गार असतानाच मोजायची, चालवून गरम झाल्यावर काटा जास्त दाखवतो. किती हवी ते चेनकव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर स्टिकर असतो त्याप्रमाणे, आणि मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाला जास्तीची. पंपवाल्याला "बघून भर" म्हणू नका, आकडा सांगा. तुमच्या गाडीला तारेची चाकं असतील. पेन्सिलीनं एकेक आरा वाजवत जा. घट्ट आरा खणखणीत वाजतो, ढिला झालेला बद्द आवाज करतो.

चेन. मेन स्टँडवर, गिअर न्यूट्रलला, आणि इंजिन बंद. हे मी ओरडून सांगतो. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडकं लावणाऱ्यांची बोटं गेलेली मी स्वतः पाहिली आहेत. खालच्या चेनच्या मधोमध बोटानं वरखाली करा. लहान गाड्यांना साधारण 20 ते 30 मिलिमीटर खेळ लागतो, नेमका आकडा पुस्तकात असतो. चाक थोडं फिरवून आणखी तीन-चार जागी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथं सगळ्यात घट्ट असेल ती जागा धरून मापायचं. ढिली चेन दातऱ्यावरून उतरून मागचं चाक जाम करू शकते, फार घट्ट असली तर बेअरिंग खाते.

आता हँडल, आणि इथं थोडा वेळ द्या. क्लचची लिव्हर टोकाशी साधारण 10 ते 15 मिलिमीटर मोकळी हलली पाहिजे, त्यानंतर जोर लागला पाहिजे. अजिबात मोकळी नसेल तर क्लच घसरत राहतो आणि प्लेटा जळतात. फार मोकळी असेल तर गिअर अडखळतो. मग ॲक्सिलरेटर: मूठ पूर्ण पिळा आणि सोडून द्या. "टक" करून जागेवर यायला हवी. हे हँडल सरळ ठेवून, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, असं तीनदा. आणि गाडी चालू झाल्यावर न्यूट्रलमध्येच पुन्हा हँडल दोन्हीकडे वळवा. वळवताना आपोआप रेस वाढली तर केबल कुठंतरी ओढली जाते आहे, ती गाडी तशी रस्त्यावर नेऊ नका. अवघड वळणावर हँडल वळवलं आणि गाडीनं स्वतःहून उडी घेतली, असं सांगत लोक येतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

ब्रेक. पुढची लिव्हर दाबून गाडी पुढे ढकलून बघा, हलता कामा नये. दाबलेली ठेवून गाडी पुढेमागे झुलवा. हँडलच्या मानेशी "टकटक" जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, ढिला आहे. मागच्या ड्रमला बाहेर एक छोटा बाण असतो, ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेच्या पुढे गेला की शू संपले. मागचा दिवा पुढच्या लिव्हरनंही लागला पाहिजे आणि पायाच्या पट्टीनंही. दोन्हींचे स्विच वेगळे असतात. पायाकडच्या स्विचची स्प्रिंग तुटते आणि मालकाला महिनोन्महिने पत्ता नसतो, कारण मागून कोण बघणार. भिंतीजवळ गाडी लावून लाल उजेड पडतो का बघा.

ऑइल आठवड्यातून एकदा, सपाट जागेवर, मेन स्टँडवर. काही गाड्यांना ऑइल मापायची पट्टी आट्यात न फिरवता नुसती टेकवून मापायची असते, तुमच्या पुस्तकात बघून घ्या, नाहीतर पातळी चुकते.

हे सगळं वाचायला वेळ लागतो, करायला तीन-चार मिनिटं.

मांडवीकाठ

गोव्याहून. माझे बाबा पायलट आहेत, म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल. तीस वर्षं. रोज अनोळखी माणूस मागे बसतो म्हणून त्यांची सकाळची तपासणी घरात पूजेसारखी असते.

ग्रीसचे हात यांनी जवळपास सगळं सांगितलं. आमच्याकडच्या खाऱ्या हवेचं थोडं घालते. ब्रेकच्या पट्टीचा खिळा गंजतो, पाय काढला तरी पट्टी पूर्ण वर येत नाही आणि शू ड्रमला घासत राहतात. चाकाची मधली वाटी हाताला गरम लागते. बाबा दुपारी थांबले की ड्रमजवळ हाताची पाठ नेतात. चटका जाणवला तर लगेच पट्टीच्या खिळ्याला तेल आणि ब्रेक सैल करणं.

दुसरं, मागे बसणाऱ्याचं. बाबा आधी पाय ठेवायच्या दांड्या उघडून देतात, सायलेन्सर कुठे आहे ते दाखवतात आणि सांगतात, मी "बसा" म्हणेपर्यंत बसू नका. बसणारा अवचित बसला की गाडी एका अंगाला जाते. जांभ्याची बारीक खडी रस्त्यावर असली तर पाय टेकवतानाच घसरतो, गाडी चालायच्याही आधी.

संत्रानगरी

मागे बसणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून मन घट्ट करून लिहिते. माझ्या काकूची साडी मागच्या चाकात गेली होती. साडीगार्ड काढून टाकलं होतं, गाडी "सुटसुटीत" दिसावी म्हणून. ती वाचली, पण मानेला आणि हाताला जे झालं ते आम्ही घरच्यांनी वर्षभर पाहिलं. मोटार वाहन नियमांत मागचं चाक अर्धं तरी झाकलेलं असावं, धरायला दांडी असावी, पाय ठेवायला जागा असावी असं आहे, ते उगाच नाही. शेवंतीताई, तुम्ही वाडीवरच्या बायांना कधी दवाखान्यात सोडत असाल. बसण्याआधी पदर, ओढणी, शाल सगळं पुढे घेऊन मांडीखाली दाबायला सांगा. आणि वडिलांच्या गाडीला साडीगार्ड आहे का, आजच बघा.

शेवंती_पाटण

साडीगार्ड आहे, पण खालचा नट नाही. काडीनं हलवलं तर हलतं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या बाळांची वजनं पॉइंटमध्ये लिहिली आणि हे माझ्या डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. आजच नट बसवते. काकूंबद्दल वाचून वाईट वाटलं. लिहिलंत म्हणून आभार.

सह्यभटकी

मी पुण्याहून, ताम्हिणी आणि वरंधला पावसाळ्यात नेहमी जाते. माझी गाडी एबीएसची आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना कंबाइंड ब्रेक, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा लागतो. ताईंची गाडी जुनी आहे म्हणजे दोन्ही नसणार. तुमची बोटं हेच तुमचं एबीएस. चाक फरफटतंय असं वाटलं की जोर कमी, पुन्हा वाढवा.

एबीएसवाल्यांनाही सांगते, मोकळ्या खडीवर ते चाक जाम होऊ देत नाही, पण थांबायचं अंतर कमी होतंच असं नाही. वेग आधीच उतरवलेला असावा लागतो. चाळीसच्या वेगानं गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. ब्रेक लावायचा विचार येईपर्यंतच उसाच्या ट्रॉलीएवढं अंतर संपतं.

ओढा ओलांडलात की ड्रममध्ये पाणी जातं आणि पुढचे थोडे मीटर ब्रेक लागतच नाही. पलीकडे गेल्यावर हळू चालत दोन्ही ब्रेक हलके दाबत राहायचे, तो पुन्हा धरायला लागला की मग वेग. आणि पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल वर येतं तेव्हाचा रस्ता भर पावसापेक्षा निसरडा असतो.

बुलेटकाका

ग्रीसचे हात, काल संध्याकाळी नातवाला घेऊन मोकळ्या पटांगणावर गेलो आणि तुम्ही सांगितलेली रेघ मारून बघितली. चाळीस वर्षं मागचा ब्रेक दाबत आलो. दोन्ही मिळून दाबल्यावर गाडी जिथं उभी राहिली ते पाहून मी दोन मिनिटं तिथंच उभा होतो. वरचं माझं वाक्य कुणी खरं धरू नका. संपादकांना काढता आलं तर काढा.

ताई, एक माझ्याकडूनही. गाडी चालू होत नसेल तर घाबरून किका मारत बसू नका. आधी उजव्या हाताशी लाल बटण, किल स्विच. मुलं खेळताना ते दाबून ठेवतात. मग गिअर न्यूट्रलला आहे का, आणि त्यासाठी हिरव्या दिव्यावर विसंबू नका, गाडी पुढेमागे ढकलून बघा. मग पेट्रोलचा कॉक, रिझर्व्हला आहे का. नव्या गाड्यांना कॉक नसतो, त्या साइड स्टँड खाली असला तरी बंद पडतात. आणि गाडी चालू होऊन दोन-तीन किलोमीटरवर पेट्रोल असून बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण उघडून बघा. "फुस्स" झालं आणि पुन्हा चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. आमच्या अंगणात कुंभारीण माशीनं त्यात माती भरली होती.

ग्रीसचे_हात

काका, तुम्ही करून बघितलंत यातच सगळं आलं.

कुंभारीण माशीवरून आठवलं. ताई, तुमच्या बाजूला पावसाळ्यात गाडी पडवीत राहत असेल तर सीटखाली आणि इंजिनाच्या पोटाशी आधी काठीनं ठोका, मग हात घाला. ऊब धरून साप बसतो. दोन वेळा गॅरेजला आलेल्या गाडीतून निघाला आहे.

शेवंती_पाटण

महिना होऊन गेला. मधे लिहायला जमलं नाही, लसीकरणाची मोहीम होती.

केलेलं सांगते. स्कूटर नणंदेला देऊन टाकली, कारण दोन्ही चालवून हात गोंधळत होता. रोज संध्याकाळी गाडी मेन स्टँडवर, बंद, आणि माझी मुलगी कधीही "थांब" म्हणणार. ती म्हणाली की उजवी दोन बोटं आणि उजवा पाय. डावा हात रबरावर. पहिल्या दिवशी वीसपैकी अकरा वेळा डावा हात आवळला. ती वहीत लिहून ठेवायची. आठव्या दिवशी शून्य. त्यानंतरही रोज दहा मिनिटं चालू ठेवलं. हडसनपार दादांचं क्लचवर पुढेमागे झुलणंही केलं, आता चढावर गाडी मागे येत नाही.

मागच्या शुक्रवारी त्याच वळणावर वासरू आडवं आलं. मी थांबले तेव्हा डावा हात रबरावर होता. हे मला थांबल्यावर खाली बघून कळलं. वासरू गेलं, मी थोडा वेळ इंजिन बंद करून बसले. डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

आठचा आकडा परवा काढला, पाय टेकवला नाही. पक्का परवाना येईल.

आता एक नवीन. आज सकाळी क्लचच्या लिव्हरवरून हात फिरवताना बोटाला बारीक तार टोचली. लिव्हरच्या गाठीशी केबलची एक तार सुटून वर आली आहे. क्लच चालतो नीट. उद्या वरच्या वाडीला जायचंय. गेले तर चालेल का?

ग्रीसचे_हात

नाही. जाऊ नका. एक तार वर आली म्हणजे आत आणखी तुटल्या असतात, आणि ती तुटते नेमकी चढावर, जोर लागतो तेव्हा. आजच बदलून घ्या, फार खर्चाचं काम नाही. नवीन केबल घालण्याआधी तिच्यात वरून तेल सोडायला सांगा, खालच्या टोकातून थेंब येईपर्यंत. आणि आणखी एक केबल विकत घेऊन जुन्या वाटेनंच सोबत बांधून ठेवा. वाडीवर तुटली तर फक्त दोन टोकं अडकवायची.

रस्त्यात कधी तुटलीच तर गाडी बंद करूनच थांबवा, आणि दुसऱ्याच्या गाडीवर मेकॅनिककडे जा. बिनक्लचचं चालवायचं शिकवणारे भेटतील, तुम्ही शिकू नका.

शेवंती_पाटण

बदलली. जुनी केबल मेकॅनिकनं हातात दिली, गाठीशी निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या. बाहेरून एकच दिसत होती. दुसरी केबल सोबत बांधून घेतली आहे, साडीगार्डचा नटही घट्ट आहे. उद्या वरच्या वाडीला सात बाळं आहेत, सकाळी साडेसातला निघते.